लाईट चालू असताना सोबत केमो कशासाठी? किरणांपुढे कॅन्सरच्या पेशी हळव्या करणारी औषधं

रेवा

मी रेडिएशन विभागात, म्हणजे किरणोपचाराच्या विभागात (पेशंट त्याला 'लाईट' म्हणतात), मेडिकल फिजिसिस्ट आहे. गाठ कुठे आहे आणि डोस किती द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. तो डोस गाठीवर नेमका बसावा आणि मणका, लाळग्रंथी, डोळे वाचावेत असा आराखडा करणं माझं काम. औषधं मी लिहून देत नाही. तरी चेहरा हलू नये म्हणून लागणारा मास्क बनवायला आलेल्या पेशंटच्या घरचे मला हमखास विचारतात, "मॅडम, लाईट देताय ना, मग सोबत केमो कशाला? आजार फार पुढे गेलाय का?" काहीजण तर घाबरून सलाईनच्या दिवशी येतच नाहीत. लाईट घेतोय तेवढं पुरे, असं त्यांना वाटतं. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. उदाहरण तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचं घेते, कारण तंबाखू, मावा, मिश्रीमुळे आपल्याकडे तेच पेशंट सर्वांत जास्त दिसतात.

आधी किरणं काय करतात ते बघू. १ ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक) डोस पेशीत गेला की तिच्या डीएनएच्या एका धाग्यावर हजारेक तुटी पडतात आणि दोन्ही धागे एकदम तुटल्याच्या साधारण वीस ते चाळीस. एका धाग्याची तूट पेशी लवकर सांधते. दोन्ही धागे तुटले की सांधणं अवघड जातं, आणि एखादी जागा चुकीची सांधली गेली तर पेशी पुढे विभागू शकत नाही, मरते. म्हणजे गाठ त्या मशीनखाली जळत नाही. तिच्या पेशी विभागायला जातात आणि तेव्हा मरतात. पहिल्या आठवड्यात "काहीच फरक दिसत नाही" असं वाटतं ते यामुळेच.

डोस बहुतेकदा ६६ ते ७० ग्रे असतो. रोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, साडेसहा-सात आठवडे. रोज थोडं थोडं द्यायचं कारण निरोगी पेशींना मधे दुरुस्तीला वेळ मिळावा. पण ती सवड कॅन्सरच्या पेशींनाही मिळतेच. आपण दिवसा भिंत पाडायची आणि गवंड्याने रात्रीतून ती पुन्हा चढवायची, असा प्रकार होतो. सोबतचं औषध त्या गवंड्याचे हात बांधतं.

सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध सिसप्लॅटिन. हे प्लॅटिनम धातूचं संयुग आहे. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणूंची वाढ होत होती, पण विभागणी थांबली होती. कारण वीज नव्हतीच. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेलं संयुग ते करत होतं. ही गोष्ट १९६५ सालची, आणि १९७८ मध्ये तिथे औषध म्हणून मंजुरी मिळाली. शरीरात गेल्यावर ते डीएनएला चिकटतं आणि धाग्यांना आडवे बंध घालतं. त्याच भागात किरणांनी तूट पडली की दुरुस्तीची प्रथिनं तिथे अडकून बसतात. जी तूट उद्यापर्यंत सांधली गेली असती ती तशीच राहते आणि पेशी मरते.

आता मुद्दा वेळेचा. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या जगभरातल्या चाचण्या एकत्र करून जे विश्लेषण झालं, त्यात किरणांच्या सोबत केमो दिल्यावर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण साधारण साडेसहा टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. केमो आधी देऊन मग लाईट दिली तर हा फायदा जेमतेम दोन-अडीच टक्क्यांवर येतो. सोबतच्या औषधाचं मुख्य काम किरणांचा घाव पक्का करणं हेच आहे. म्हणून "आधी लाईट संपू दे, तब्येत सुधारली की मग केमो घेऊ" हा हिशोब चालत नाही. आणि ती सलाईन चालू आहे म्हणजे शेवटची स्टेज, असंही नाही. उलट आजार बरा करायचा आहे म्हणूनच ती दिली जाते.

प्रश्न असतील तर विचारा. ठरलेला उपचार मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

माणदेशी

रेवाताई, हे आम्हाला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. वडिलांना जिभेच्या मुळाशी होतं. घरात पहिले काही दिवस नुसता वाद. चुलते म्हणायचे केमो नको, माणूस खंगतो.

ज्यांच्याकडे आता सुरू होणार आहे त्यांच्यासाठी सलाईनचा दिवस कसा जातो ते सांगतो. सकाळी आधी रक्त. मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आल्याशिवाय सिस्टर बाटलीला हात लावत नाहीत. मग नुसतं पाणी चढवतात, त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम. उलटीचं इंजेक्शन. त्यानंतर औषधाची बाटली, आणि परत पाणी. लघवी मापाच्या भांड्यात करायची आणि प्रत्येक वेळी कागदावर लिहायची. हे माझं काम होतं. कमी झाली की सिस्टरना सांगायचं, त्या बाटलीचा वेग वाढवायच्या किंवा डॉक्टरांना बोलवायच्या. मधेच मशीनवरून बोलावणं आलं की सलाईन बंद करून, हाताला सुई तशीच ठेवून खाली न्यायचं.

त्या दिवशी वडील ठणठणीत. जेवायचेसुद्धा. उलट्या सुरू व्हायच्या दोन-तीन दिवसांनी, घरी आल्यावर. तेव्हा घाबरू नका, पण गोळ्या चुकवू नका. आणि पाणी पाजत राहा.

तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आलं. भाकरी सोडाच, ताकसुद्धा झोंबायचं. शेवटी नाकातून नळी घातली. गावाकडचे भेटायला आलेले लोक नळी बघून रडायचे. पण त्या नळीनेच वजन टिकलं आणि लाईट एकही दिवस थांबली नाही.

माझा प्रश्न: आम्हाला तीन आठवड्यांनी मोठा डोस होता. शेजारच्या खाटेवरच्या काकांना दर आठवड्याला छोटा. असं का?

डॉ. वर्धाकर

माणदेशी, तुम्ही लघवीचा हिशोब ठेवलात हे फार मोलाचं काम केलंत. सिसप्लॅटिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि जाताना तिथल्याच पेशींना इजा करतं, म्हणून एवढं पाणी.

तुमच्या प्रश्नावर आपल्या परळच्या टाटा रुग्णालयातच चाचणी झाली आहे. एकूण ३०० पेशंट. अर्ध्यांना दर आठवड्याला शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ३० मिलिग्रॅम, बाकीच्यांना तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. दोन वर्षांनी त्या जागी आणि मानेत आजार आटोक्यात होता तो साप्ताहिक गटात ५८.५ टक्के लोकांत, तीन आठवड्यांच्या गटात ७३.१ टक्के लोकांत. त्रासही मोठ्या डोसच्या गटात जास्त होता. ८४.६ टक्के लोकांना तीव्र स्वरूपाचा त्रास झाला, साप्ताहिकमध्ये ७१.६ टक्के.

मात्र यावरून "साप्ताहिक म्हणजे कमअस्सल" असं धरू नका. २०२२ मध्ये जपानच्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतरच्या पेशंटना आठवड्याला ४० मिलिग्रॅम दिलं आणि ते तीन आठवड्यांच्या डोसपेक्षा कमी ठरलं नाही. ३० आणि ४० यातला फरक कागदावर लहान वाटतो, पण सात आठवड्यांची बेरीज करून बघा. चौरस मीटरला एकूण २०० मिलिग्रॅमच्या आसपास तरी पोचणं महत्त्वाचं, असं आम्ही मानतो. शेजारच्या काकांचं वय, मूत्रपिंड, वजन बघून डॉक्टरांनी ठरवलं असेल.

रेवांच्या पोस्टमध्ये एक भर घालतो. त्याच एकत्रित विश्लेषणात वय वाढेल तसा केमोचा फायदा कमी होत गेलेला दिसतो, सत्तरीनंतर जवळजवळ उरत नाही. त्यामुळे ७६ वर्षांच्या आजोबांना डॉक्टरांनी नुसती लाईट सांगितली तर त्यांनी हात राखून उपचार केले असं समजू नये.

सुमेधा

माझ्या सासूबाईंसाठी विचारते आहे. गालाचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, आता लाईट सुरू व्हायची आहे. वय ६१. साखरेचा जुना त्रास, क्रिएटिनिन वाढलेलं, आणि एका कानाने आधीच कमी ऐकू येतं. एका ठिकाणी सांगितलं की सिसप्लॅटिन देता येणार नाही, नुसती लाईट घ्या. आम्ही सगळे हबकलो आहोत. दुसरं काही नसतंच का?

डॉ. वर्धाकर

सुमेधाताई, असतं. २०२३ पर्यंत या प्रश्नाला आमच्याकडेही ठाम उत्तर नव्हतं. मूत्रपिंडाचं गाळण्याचं काम मिनिटाला साधारण ५० मिलिलिटरच्या खाली गेलं, ऐकू कमी येत असेल किंवा हातापायाच्या नसा आधीच खराब असतील तर सिसप्लॅटिन टाळतात, कारण ते हे सगळं आणखी बिघडवतं.

अशाच पेशंटवर टाटामध्ये डोसेटॅक्सेलची चाचणी झाली. ३५६ जण. निम्म्यांना नुसती लाईट, निम्म्यांना लाईटसोबत आठवड्यातून एकदा चौरस मीटरला फक्त १५ मिलिग्रॅम डोसेटॅक्सेल, जास्तीत जास्त सात वेळा. दोन वर्षांनी आजार परत न येता राहिलेले ३०.३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. जिवंत असलेले ४१.७ वरून ५०.८ टक्क्यांवर. मुंबईत, आपल्याच पेशंटवर, जुन्या आणि सहज मिळणाऱ्या औषधावर झालेलं हे काम आज जगभर वापरलं जातंय. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

पण किंमत मोजावी लागते. तोंड आतून तीव्र सोलवटण्याचं प्रमाण २२.२ वरून ४९.७ टक्क्यांवर गेलं. तेव्हा नळीची मानसिक तयारी आधीच ठेवा. मधुमेहामुळे जखम भरायला वेळ लागतो, साखर काबूत हवी. डॉक्टरांना सरळ विचारा, "डोसेटॅक्सेल देता येईल का?"

रेवा

डोसेटॅक्सेलचं काम सिसप्लॅटिनपेक्षा अगदी वेगळं आहे, म्हणून थोडं लिहिते. पेशी सदासर्वकाळ किरणांना सारखीच हळवी नसते. डीएनएची नक्कल करत असते त्या टप्प्याच्या शेवटी ती सर्वांत चिवट असते. विभागायच्या ऐन तोंडावर सर्वांत हळवी. पेशी विभागताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढायला आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडतो. डोसेटॅक्सेल तो मोडूच देत नाही. पेशी त्याच हळव्या टप्प्यावर अडकून राहते आणि तेवढ्यात किरणं येतात. इतक्या छोट्या डोसने फरक पडतो याचं हे एक मोठं कारण.

हेच गालाच्या आतल्या निरोगी त्वचेचंही होतं, कारण तिथल्या पेशीही भराभर विभागतात. औषध आपलं-परकं ओळखत नाही. निवड आम्ही आराखड्यात करतो. किरणं गाठीवर जास्त, बाकी ठिकाणी कमी. म्हणून मास्क घट्ट लागतो. प्लास्टिकची ती जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात आणि काही मिनिटांत ती चेहऱ्याच्या आकारात कडक होते. वजन घटलं की गाल आत जातात, मास्कच्या आत चेहरा हलायला लागतो आणि आमचे मिलिमीटर चुकतात. कधीकधी नव्याने स्कॅन करून आराखडा परत करावा लागतो. सुमेधाताई, सासूबाईंचं वजन दर आठवड्याला लिहून ठेवा आणि टेक्निशियनला दाखवा. मास्क सैल वाटला तर त्यांनी स्वतः सांगायचं, संकोच करायचा नाही.

अवनी, आरहूस

मी डेन्मार्कमध्ये राहते. इथे माझ्या मुलाच्या शाळेतल्या एका आजोबांना घशाचा कॅन्सर होता. ते रोज लाईटच्या आधी मूठभर गोळ्या घ्यायचे, साधारण दीड तास आधी, वेळ बघून. नाव निमोराझोल. इतर देशांत राहणाऱ्या नातेवाईकांना विचारलं तर कुणी ऐकलंही नव्हतं. हे काय आहे?

रेवा

अवनी, फार छान विषय काढलास. हे सगळं ऑक्सिजनभोवती फिरतं. किरणांनी झालेली इजा ऑक्सिजन असेल तर पक्की होते. नसेल तर तेवढ्याच परिणामासाठी जवळजवळ तिप्पट डोस लागतो. १९५० च्या दशकात लंडनमध्ये ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवलं. डोस मोजायचं एकक त्यांच्याच नावाचं आहे. गाठ भराभर वाढते, रक्तवाहिन्या तेवढ्या वेगाने वाढत नाहीत. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाइतकं दूर गेलं की तिथल्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही. त्या गुदमरलेल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत, आणि आजार पुन्हा उठतो तो बऱ्याचदा त्यांच्यातूनच.

निमोराझोल ऑक्सिजनची भूमिका करतं. ते मेट्रोनिडाझोलच्या कुळातलं आहे, जुलाबाला आपण घेतो तेच. त्याच्या आधी मिसोनिडाझोल आलं होतं, पण त्याने हातापायाच्या नसा खराब व्हायच्या आणि पुरेसा डोसच देता यायचा नाही. डेन्मार्कच्या चाचणीत निमोराझोल घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोकांचा आजार आटोक्यात राहिला, न घेणाऱ्यांपैकी ३३ टक्के. तो निष्कर्ष १९९८ चा. तेव्हापासून तिथे ते रूढ आहे. ब्रिटनच्या अलीकडच्या चाचणीत मात्र तसा फायदा दिसला नाही, त्यामुळे बाकी जगाने ते उचललेलं नाही. माझं मत: ज्यांच्या गाठीत खरोखर ऑक्सिजन कमी आहे ते आधी ओळखून फक्त त्यांनाच द्यायला हवं. सरसकट दिलं की परिणाम पातळ होतो.

याच कारणासाठी हिमोग्लोबिन बघतात. आणि याच कारणासाठी विडी-सिगारेट. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. कॅनडातल्या १९९३ च्या अभ्यासात लाईट चालू असताना धूम्रपान करत राहिलेल्यांपैकी ४५ टक्के लोकांची गाठ पूर्ण विरघळली, न ओढणाऱ्या किंवा आधीच सोडलेल्यांपैकी ७४ टक्के. "आता काय उपयोग सोडून" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे दोन आकडे सांगते. उपयोग आहे. लाईटच्या पहिल्या दिवसापासून आहे.

चंद्रभागा

माझे दीर लाईटसोबत हळदीच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई आणि एक महागडी अँटिऑक्सिडंट पावडर घेतायत. कुणीतरी सांगितलं की ताकद टिकते. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, ते रागावतील म्हणून.

डॉ. वर्धाकर

चंद्रभागाताई, कृपया उद्याच सांगा. रागावले तरी सांगा.

किरणं बरंचसं काम पेशीतल्या पाण्यातून तयार होणाऱ्या मुक्तकणांमार्फत (फ्री रॅडिकल्स) करतात. अँटिऑक्सिडंट ते कण शोषून घेतात. म्हणजे एकीकडून किरणांनी पेशी तोडायची आणि दुसरीकडून गोळीने ती वाचवायची. कॅनडात क्यूबेकमध्ये ५४० पेशंटवर नीट चाचणी झाली. लाईटच्या काळात व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन दिलं. तीव्र त्रास कमी झाला, पण आजार परत येण्याचं प्रमाण वाढण्याकडे कल दिसला. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. त्रास कमी झाला म्हणून घरचे खूश होतात, पण तोच बचाव गाठीलाही मिळत असेल तर काय?

हळदीचं म्हणाल तर प्रयोगशाळेत ताटलीतल्या पेशींवर ती किरणांना मदत करताना दिसते. पण पोटात घेतलेली हळद रक्तात फारच कमी उतरते, आणि माणसांमध्ये आजार बरा होण्यात तिने भर घातल्याचा भक्कम पुरावा नाही. भाजी-आमटीतली हळद खुशाल खा. कॅप्सूल आणि पावडर बंद. ताकदीसाठी अंडं, दूध, डाळीचं पाणी, शेंगदाण्याचं कूट घातलेली पातळ लापशी द्या. पोटात गेलेलं अन्न हेच त्यांचं टॉनिक.

चंद्रभागा

उद्या सोबत मीच जाते. आभार डॉक्टर.

मालवणी मुलगी

हे फक्त तोंडाच्या कॅन्सरलाच का? माझ्या आत्येला गर्भाशयाच्या मुखाचा आहे, तिलाही आठवड्याला सिसप्लॅटिन सांगितलंय.

डॉ. वर्धाकर

नाही, तिथेही तेच तत्त्व. १९९९ मध्ये एकामागून एक पाच चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने डॉक्टरांना खास सूचना काढून कळवलं की लाईटसोबत सिसप्लॅटिन देण्याचा विचार करा. आपल्याकडे बायका उशिरा येतात. आजार ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत गेलेला असतो, रक्त कमी असतं. त्यांनाही फायदा होतो का, हे टाटामध्ये ८५० स्त्रियांवर तपासलं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या ४६ टक्क्यांवरून ५४ टक्के झाल्या. आत्याबाईंनी सलाईन चुकवू नये. आणि बाहेरून लाईट झाल्यावर आतून द्यायची लाईट असते, तीही नाही म्हणू नये. एकूण उपचार आठ आठवड्यांत संपायला हवा.

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरमध्ये लाईटसोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या असतात. २००५ च्या चाचणीत त्यांनी दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १०.४ वरून २६.५ टक्क्यांवर नेलं. आणि गुदद्वाराच्या कॅन्सरमध्ये तर सगळं चित्रच पालटलं. १९७४ मध्ये डेट्रॉइटचे सर्जन नायग्रो ऑपरेशन सोपं व्हावं म्हणून आधी फ्लुरोयुरॅसिल, मायटोमायसिन आणि ३० ग्रे लाईट देत होते. ऑपरेशन करायला गेले तर गाठ उरलेलीच नव्हती. आज बहुतेक पेशंटना पोटावर कायमची पिशवी लागत नाही ती त्या कामामुळे.

माणदेशी

नवीन काही येतंय का? व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक चमत्कार फिरत असतो.

रेवा

येतंय, पण घाई नको. झेविनापँट नावाचं औषध होतं. पेशीला मरण्यापासून अडवणारी प्रथिनं ते रोखायचं. सुरुवातीच्या छोट्या चाचणीत निकाल इतके चांगले होते की आमच्या विभागातही त्याची चर्चा असायची. मोठी चाचणी झाली आणि २०२४ मध्ये ती थांबवावी लागली, फायदा दिसेना. सिसप्लॅटिनऐवजी सेटुक्सिमॅब नावाचं अँटिबॉडी प्रकारचं औषध देऊन त्रास कमी होईल अशीही आशा होती. एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरमध्ये २०१८ ला दोन मोठ्या चाचण्यांत ते सिसप्लॅटिनपेक्षा मागे पडलं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये मात्र लाईट आणि सिसप्लॅटिनच्या जोडीला पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध दिल्यावर २०२४ मध्ये जिवंत राहण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. महाग आहे, पण खरं आहे.

सुमेधा

आज दुसऱ्या डॉक्टरांना भेटून आलो. कानाची तपासणी केली, मूत्रपिंडाचा हिशोब मांडला आणि ते स्वतःच डोसेटॅक्सेल म्हणाले. दर मंगळवारी. महात्मा फुले योजनेची कागदपत्रं दिली आहेत. मास्क परवा बनणार. दातांच्या डॉक्टरांकडे आधी जा असं सांगितलंय, ते कशासाठी?

रेवा

किडके दात लाईटच्या आधीच काढायचे असतात. नंतर जबड्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी होतो, काढलेल्या जागेची जखम भरत नाही आणि हाड सडू शकतं. दात काढल्यावर साधारण दोन आठवडे जखम भरायला देतात, म्हणून उद्याच जा, परवाची वाट बघू नका. मास्कच्या दिवशी कवळी असेल तर सोबत आणा, काढून ठेवायची की नाही ते तिथे सांगतील. मंगळवारी सलाईन असेल तर रक्ततपासणी सोमवारीच करून ठेवा, म्हणजे रिपोर्टसाठी सकाळ जाणार नाही.